भांगाचं पाणी

अष्टमीच्या सकाळी पाणी जरा शहाणं असतं.
हिराजी म्हणतो, भांग आहे, गाळ खाली बसलाय,
आज हात लांब केलात तर बोटं दिसतील.
बोटं दिसणं, ही आमची मोठी मिळकत.
निळ्याशार बेटांचे फोटो दाखवू नका आम्हाला.
इथे वरळीच्या खडकापाशी
दूध घातलेल्या चहात डोकं बुडवून
चहापत्ती मोजायची असते.

मी जकात खात्यात एकतीस वर्षं आकडे लिहिले.
आता गुडघ्याला पट्टा बांधून
पाइपाची चौकट खडकावर धरते
आणि तिच्या आत काय काय जिवंत आहे ते लिहिते.
पाटीला पेन्सिल सुतळीने बांधलेली.
नळीतून माझाच श्वास मला ऐकू येतो,
शेजारच्या खोलीत कुणी म्हातारं झोपल्यासारखा.

शाल्मली दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे.
तिला किडकं आणि नुसतं डागाळलेलं यातला फरक कळतो,
म्हणून प्रवाळांचा रकाना तिचा.
ओस्वाल्ड टाकी बांधून खाली जातो.
बोट लागेपर्यंत तो बोलत असतो,
लागल्यावर ओकतो,
आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करतो.

दीड पुरुष खोलीवर मला ते लागलं.
दिसलं नाही, लागलं.
आधी वाटलं शेवाळ,
मग शेवाळाला चौकोन होते.
जाळ्यात एक खेकडा मेलेला,
त्याला खायला आलेला दुसरा मेलेला,
तिसरा बाहेर उभा,
आत यावं की नाही या विचारात.

पाऊण तास कापत होतो.
नायलॉन कापताना पाण्यात आवाज होत नाही,
फक्त हाताला कळतं की काहीतरी सुटलं.
खडकाच्या कपारीत शेवटचा कोपरा राहिला.
शाल्मलीने माझं मनगट धरलं.
कोपऱ्यातल्या शिशाच्या गोळीवर, गोळी झाकून,
अंगठ्याच्या नखाएवढं प्रवाळ बसलं होतं.
तिने दिवा जवळ नेला, हात नाही.
मान हलवली.
पाण्याखाली वाद घालता येत नाही, हे एक बरं आहे.

वर आलो, जाळं बोटीत ओढलं.
वास असा की ओस्वाल्डसुद्धा गप्प.
हिराजी पायाने सारत होता,
सारता सारता वाकला,
मग उकिडवा बसला.
पांढऱ्या जाळ्यात मध्येच निळा दोरा,
आणि गाठी सगळ्या उलट्या वळणाच्या.
“डावऱ्या हाताची,” म्हणाला.
“आमच्या वाड्यात डावरी एकच.”

फोन स्पीकरवर लावला. पलीकडे बाजार,
बर्फ फोडल्याचा आवाज, कुणाशी तरी सुरम्यांवरून भांडण.
“जनाबाय, जालं गावलं.”
“कंचं?”
“निल्या दोऱ्याचं.”
बर्फाचा आवाज थांबला.
“तू तर बोललास वादलानं नेलं.”
हिराजी क्षितिजाकडे बघू लागला.
क्षितिजावर काही नव्हतं.
“वादलच होतं,” तो म्हणाला, “थोडं होतं.”
“पिऊन सोडून आलास, मना तवाच ठाव होतं.
सगलं आनलंस काय?”
“एक कोपरा ऱ्हायला. त्याच्यावर काय जिवंत धरलंय,
ही मानसं कापू देत न्हाईत.”
ती बराच वेळ बोलली नाही.
कुणीतरी तिला भाव विचारला, तिने सांगितला.
मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे.
पन रफूचे पैसे मी कोनाकडून घेऊ, ते इचार त्यांना.”

परतताना वजन केलं. ओलं, चौदा किलो.
हिराजीने एक निळी गाठ कापून खिशात टाकली,
कुणी बघितलं नाही असं समजून.
मी पाटी पुसायच्या आधी वहीत उतरवत होते.
छापील रकाने दोनच, जिवंत आणि मृत.
जाळ्याचा तो कोपरा कुठे घालावा, कळेना.
एकतीस वर्षांत मी कधी शेऱ्याच्या जागी
गरजेपेक्षा जास्त शब्द लिहिला नाही.
आज लिहिला:
गाठ एक. डावखुरी. वापरात.