चितेरा ओली

स्टेशनवर उतरले तेव्हा पहाटेचे साडेचार,
आणि फलाटावरचा नळ इतका गरम
की चुकून चहाखाली हात धरला का, म्हणून दोनदा पाहिलं.
मे महिना. बदलीचा कागद पर्समध्ये,
दोन बॅगा, एक कुकर,
आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पाच किलोची पिशवी,
जिच्याकडे शाकिर रिक्षावाल्याने जरा आदराने पाहिलं :
"इतना चावल, मॅडम?"

रिक्षा वळली की किल्ला.
पुन्हा वळली की पुन्हा किल्ला,
कधी डावीकडे, कधी थेट कुणाच्या गच्चीवर ठेवल्यासारखा.
वाटलं, हा मला गोल फिरवतोय.
मीटरकडे पाहिलं. मीटर नव्हता.

"कहाँ उतरेंगी?"
चितेरा ओली. पत्त्यावर तसंच लिहिलेलं.
दोन रात्री गाडीत मी या शब्दाला गाल टेकून आले होते,
एवढ्या उन्हात निदान एक गल्ली तरी ओली असेल.

गल्ली खडखडीत.
गटारसुद्धा भेगाळलेलं.
एक मोर, हो, मोर,
कुणाच्या कूलरवर उभा राहून शिव्या दिल्यासारखा ओरडत होता.

मुळ्येबाईंनी दार उघडलं. पाटीवर : मुल्ये.
सहा पिढ्या इथल्या. मराठी बोलतात,
आतून हिंदीचं अस्तर लावलेली :
"पंखा चालवून घे. नल एक दिवस सोडून येतो.
आणि बेटा, आत्ता हे शहर बघूच नको,
थंडीत बघ."

सगळे हेच म्हणतात.
गजक? थंडीत. मटार? थंडीत.
कारखान्यातले तोमरबाबू तर म्हणाले,
इथली माणसंसुद्धा थंडीतच बघा, मॅडम.
म्हणजे मी नाटकाच्या सहा महिने आधी
खुर्चीत येऊन बसलेय,
आणि पडद्यामागे कुणीतरी नुसतंच झाडतंय.

सिथौलीला माझं काम स्प्रिंगा दाबायचं.
डब्याएवढं वजन ठेवायचं, उचलायचं,
आणि मोजायचं, पहिल्या उंचीला परत येते का.
थोडी सूट असते.
तिथेच ओळखपत्र मिळालं. त्यावर मी : गुलवनी.
गुळवणी गेलं,
पुरणपोळीशेजारची ती पातळ, घरगुती वाटी गेली
आणि नावात एकदम फुलं आली, रान आलं.
तक्रार करायला खिडकीपर्यंत गेले.
मग नाही केली.

भाडेकरारावर मात्र सही मराठीतच.
वकिलाने चष्मा कपाळावर चढवला,
'ळ'वर बोट ठेवलं :
"ये आठ लेटा हुआ क्यों है?"
म्हटलं, थकलंय. लांबून आलंय.

त्या संध्याकाळी विचारलं, हिला ओली का म्हणतात?
"अगं, ओळ ती. चिताऱ्यांची ओळ.
शब्द आमच्याच लोकांनी आणला म्हणे,
पण 'ळ' काही टिकला नाही इथल्या हवेत."
बाई बटाटे सोलत होत्या, मान वर न करता बोलल्या.
पण तो 'ळ' त्यांनी जीभ पार मागे वळवून उच्चारला,
ट्रंकेतली पैठणी
एकदा उलगडून परत घडी घालावी तसा.

रात्री आईचा फोन. कसं आहे गं गाव?
म्हटलं, आत्ता नाही सांगता येत.
थंडीत विचार.

पहाटे पाचला आरडाओरडा. गॅलरीत धावले.
नळ आला होता.
बादल्या, पाइप, घरघरणारे टिल्लू पंप,
दोन बायकांचं एकाच नळीवरून भांडण,
कुणी उंबरा धुतंय, कुणी स्कूटर,
एक म्हातारे गृहस्थ बनियनवर उभे राहून
नुसतेच तांब्यातांब्याने फरशीवर पाणी फेकतायत,
रात्रभर तापलेला दगड शांत व्हावा म्हणून,
आणि अख्खी गल्ली, या टोकापासून त्या टोकापर्यंत...

मी पत्ता बरोबर वाचला होता.

"गुलवनी दीदी, बाल्टी!" खालून कुणीतरी.
बादली अजून घेतलीच नव्हती.
कुकर सापडला.
तोच घेऊन जिना उतरले.