मोतीबिंदू

माळेगावची जत्रा उठली, त्याच्या दुसऱ्या दिवशी
मन्मथअप्पा डालड्याच्या जुन्या डब्यात
घोड्याची लीद घेऊन आले.
वर ओलं फडकं, जणू खवाच आणलाय.
"काठेवाडी हाय म्हणले," असं म्हणून डबा
माझ्या टेबलावर, हजेरीपटाला खेटून ठेवला.

कंधारच्या आमच्या प्रयोगशाळेत
सव्वीस सूक्ष्मदर्शकांपैकी सात चालतात.
या बुरशीला तो लागत नाही.
लागतो आतून काळा केलेला चपलांचा खोका,
त्याला चार आण्याएवढं भोक, भोकावर काच,
आणि कुणीतरी रोज पाणी शिंपडणारं.

पाचव्या दिवशी लिदीवर काचेचं गवत.
केसाएवढा देठ, देठावर पाण्याचा फुगा,
फुग्यावर काळी टोपी.
मी मुलांना सांगत होते, हा फुगा म्हणजे भिंग,
उजेड त्यातून खाली जातो,
शेंदरी कड्यावर सारखा पडला
की तोंड नीट आलं.
नाही पडला तर मान वळवत राहायचं.
डोळा नाही, मेंदू नाही.
दाराशी उभे मन्मथअप्पा म्हणाले,
"म्हंजी डोक्यावर मोतीबिंदूच की!"
पोरं हसली. तेही हसले.
त्यांचा उजव्या डोळ्यातला दोन वर्षं पिकतोय;
उदगीरची तारीख दोनदा हुकली,
दोन्ही वेळा आमची प्रात्यक्षिक परीक्षा.

रात्रभर खोक्यात काही घडत नाही.
फुगे नुसते ताणत जातात.

सकाळी मी आले तेव्हा
खिडकीतून ऊन खोक्याच्या काचेवर आलेलं,
आणि ते कान लावून बसलेले.
"वाजायलंय, म्याडम."
टक.
मग बराच वेळ काही नाही.
टक, टक.
टाचणीच्या डोक्याहून लहान बीजाणूंची गाठोडी
वीतभर अंधार ओलांडून काचेवर आपटत होती.

दुपारी झाकण काढलं.
काच काळ्या ठिपक्यांनी भरलेली,
बाकी खोका कोरा.
अप्पांनी तरी आतून बोट फिरवलं,
दिसत नाही तेव्हा ते असंच पुसतात, जपून,
आणि मागच्या कोपऱ्यात थांबले.
"हे तिघं कुठं बघायलते?"

मी म्हटलं, चुकतात काही.
ते काही बोलले नाहीत.
ठिपके बोटाला चिकटून आले होते,
नळाखाली धरलं तरी निघेनात.
मग तास संपला म्हणून घंटेकडे निघाले
आणि व्हरांड्यात उन्हाच्या कडेला
जरा थबकले,
मान थोडी वळवून,
डावा डोळा पुढे.