भरलेला उणे रिकामा

एकतीस वर्षं मी खाणीच्या काट्यावर होतो.
ट्रक भरून यायचा, आकडा लिहायचा.
रिकामा परतायचा, आकडा लिहायचा.
मोठ्यातून लहान वजा केला की उरतो तो माल,
बाकी सगळं लोखंड, डिझेल
आणि ड्रायव्हरचं पोट.

आता खाण बंद. काटा गंजला.
सवय तेवढी राहिली.
सकाळी डिचोलीच्या बसस्टँडमागे,
भिवाच्या हॉटेलात, पातळभाजी येईपर्यंत
मी अमेरिका तोलतो.

टीव्ही भिवाने गणपतीच्या फोटोपेक्षा वीतभर वर टांगलाय.
आवाजाचं बटण तुटलंय, त्याने माझं काही अडत नाही.
तिथला अध्यक्ष दिसतो तेवढा पुरतो:
बोट, टाय, सही, पुन्हा बोट.
मी मनात लिहितो, भरलेला, बावीस टन.
चार दिवसांनी खालून पट्टी सरकते,
तोच हुकूम पुढे ढकलला म्हणून.
रिकामा, बावीस टन.
माल किती, ते तुम्हीच सांगा.

माल नाही कसा? कुस्तोद म्हणतो.
त्याचा जावई कुंकळ्ळीला कोळंबी गोठवतो.
आयातकर वाढला त्या आठवड्यात
सोलायला येणाऱ्या चौदा बायकांना निरोप गेला,
सध्या येऊ नका.
त्यांतल्या एकीनेही त्या माणसाला मत दिलं नव्हतं.
विरोधातही दिलं नव्हतं.
कुस्तोद पाव मोडतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

चूक माझी.
हुकूम मागे घेता येतो, आठवडा येत नाही.
निदान मला तरी हे कळायला हवं होतं.
आमचा डोंगर यंदा किती खणायचा
ते समुद्रापलीकडचं कुणीतरी ठरवायचं
आणि माझ्या ताटातला बांगडा
इकडे लहान-मोठा व्हायचा.

रविवारी ओहायोहून पुतणीचा फोन येतो.
आधी नूतन बर्फाबद्दल बोलायची,
आता कागदांबद्दल बोलते.
परवा मात्र शेजारणीबद्दल बोलली:
म्हातारीने सणाला टर्की भाजली,
सख्खा भाऊ आला नाही.
भांडण शेताचं नाही, पैशाचं नाही,
मत कुणाला दिलं, एवढंच.
दोन मैलांवर राहतो, काका.

मला सदुसष्ट साल आठवलं.
जनमत कौल. मी सात वर्षांचा.
शाळेत मराठी, घरात कोंकणी,
आणि गावभर भिंतींवर फूल आणि दोन पानं.
बाबा फुलाचे, उघड, छाती ठोकून.
रात्री कंदील घेऊन सभांना जायचे,
घसा बसवून परत यायचे.
आई काही बोलायची नाही.
मतदानाला डोक्यात अबोलीचा वळेसर माळून गेली,
येताना बाजार करून आली.

निकाल लागला, पानं जिंकली.
बाबा भिंतीकडे तोंड करून बसले.
आईने वाढलं. हुमणातली मोठी फोड त्यांना.
बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, तू कुणाला दिलंस?
आई म्हणाली,
मीठ सारकें आसा मूं?

बाबा जेवले.
पुढे तेवीस वर्षं दोघं एकाच ताटाळ्यातली ताटं घेत राहिली,
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
ती शहाणी होती की घाबरलेली,
हे मला आजही तोलता येत नाही.
त्या काट्यावर आईला कधी रिकामं
उभं केलंच नाही कुणी.

नूतनला हे सांगावं म्हटलं,
पण तिची गाडी ऑफिसजवळ आली होती.
शेजारणीला माझा नमस्कार सांग, म्हटलं.
सांगते, म्हणाली. सांगितला असेल.

टीव्हीवर पुन्हा ते बोट.
कुस्तोद उठून गेला, पैसे माझेही देऊन,
म्हणजे राग आहे.
भिवा फडका खांद्यावर टाकून येतो,
अजून पाव?
आज दिवसभरात
माझं मत कुणी विचारलं ते एवढंच.
मी जरा वेळ घेतो.
एक, म्हणतो. उंडो नको, नरम बघून दे.