सहीची रांग

खजुरी बाजारातून वही आणली, बारा रुपयांची,
रेघा नसलेली. दुकानदार म्हणाला,
ताई, मुलांना रेघांचीच लागते.
म्हटलं, ही सहीसाठी आहे.
त्यानं पांढरी साडी बघितली, पिनेला लटकलेलं घड्याळ बघितलं,
आणि दोन रुपये कमी केले.

तीन आठवडे एकच वाक्य घोकत होते.
आधी ते लांब होतं. त्यात अकरा नंबरचा वॉर्ड होता,
रात्रपाळी, ट्रेच्या आड ठेवलेला टेपरेकॉर्डर,
मारव्याची बी बाजू, जिथे फीत एकदा अडकली
आणि मी पेन्सिलीनं गुंडाळून सरळ केली,
म्हणून आजही त्या कोमल रिषभावर
आवाज जरासा पाण्यात बुडून वर येतो.
हेच सांगायचं होतं, की बाई, तुमचा एक रिषभ
माझ्याकडे आहे, जो तुमच्याकडेसुद्धा नाही.
मग वाटलं, चिडल्या तर?
रामबागेपासून नाट्यगृहापर्यंत टेम्पोत
वाक्य कापत कापत आणलं.
उरलं ते एवढंच: तुमचं गाणं मी रोज ऐकते.
हे तर सगळेच म्हणतात.

रांगेत माझ्यापुढे एकोणीस जण.
एका पोराला तंबोऱ्याच्या भोपळ्यावर सही हवी होती.
डॉक्टर भाटवडेकरांच्या सूनबाई, हातात गजरा, तोही कोमेजलेला.
सराफ्यातले एक शेठ, मागच्या खेपेला
बाईंनी मला नावानं हाक मारली होती, असं
पुढच्याला सांगून झालं की मागच्याला सांगत.
त्यांचा नंबर आला. आतून विचारलं गेलं, नाव काय लिहू?
शेठनी नाव सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

मग शिष्या बाहेर आली. कुणी डॉक्टर आहे का इथे?
सगळ्यांनी सूनबाईंकडे बघितलं.
त्या म्हणाल्या, सासरे आहेत. दातांचे.
मी वही पर्समध्ये टाकली.

इंदुमतीबाई कागवाडकर खुर्चीत, पदर सैल,
एक पायमोजा काढलेला, दुसरा तसाच.
कॅसेटवर त्या पस्तिशीच्या आहेत.
बांगडी वर सरकवली, मनगट धरलं,
घड्याळाकडे बघत मोजायला लागले.
वीस वर्षं ह्या बाईच्या विलंबितावर
मी सलाइनचे थेंब लावले होते.
आता ती लय बोटाखाली, गरम, मधेच अडखळणारी.
किती?
अठ्ठ्याऐंशी. एखादा ठोका गाळताय.
समेवर येते ना?
येते.
मग असू दे, म्हणाल्या. आणि,
सिस्टर, तो पंखा जरा.

खरं सांगू, सही नकोच होती मला.
त्यांनी मान वर करावी आणि म्हणावं,
अगं, तू होय!
रात्री अडीचला, भिंतीपलीकडे कुणी कण्हत असताना,
त्या माझ्याजवळ असायच्या.
मी मात्र त्यांच्याजवळ कधीच नव्हते,
एवढी साधी गोष्ट, मला पंखा लावताना कळली.

दुपारपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या.
शिष्येला दूध आणायला पिटाळलं,
आणि रांगेला मीच सांगितलं, आज सही नाही. घरी जा.
लोक तणतणले. सूनबाई म्हणाल्या, स्वतः बरी आत जाऊन आली.
तंबोरावाल्या पोरानं विचारलं, तुमच्याशी काय बोलल्या?
म्हटलं, पंखा लाव म्हणाल्या.
त्याचा विश्वास बसला नाही.

टेम्पोत वही उघडली तर पहिल्या पानावर माझंच अक्षर,
कधी लिहिलं आठवत नाही, हाताची सवय:
रात्री ९.४०. नाडी ८८, अनियमित. घाम नाही.
आणि खाली, चार्टवर असते तशी,
ड्यूटीवरच्या सिस्टरची सही.

बाकीची वही दुधाच्या हिशेबाला गेली.