राजारामपुरी, सातवी गल्ली

शिरोलीच्या फौंड्रीतल्या संपतला मी नाहीच म्हटलं.
वाळू उडते तिथं. चष्माच बरा, लेका.
पण लग्नाच्या फोटोपुरती तरी द्या म्हणाला;
दिली एका दिवसाची, रात्री टाकून द्यायची.

गुजरीतल्या विजयमालाबाईंना
साजाचे मणी ओवताना जवळचं हवं,
गिऱ्हाईक पायरी चढताना लांबचं.
एका डोळ्यात हे, दुसऱ्यात ते.
“म्हंजे डोळ्यांची वाटणीच केलासा की!”

कागलची रेवती.
बुबुळ टोकदार होत चाललेलं.
मऊ लेन्स त्याचीच री ओढते,
म्हणून कडक बसवली.
वीस मिनिटं नुसतं पाणी.
मान खाली.
मग तिनं समोरच्या दुकानाची पाटी वाचली,
खालची बारीक ओळसुद्धा:
उधार बंद.

“हे आधीपासनं लिवलंय?”