अर्थिंगला पाणी

पहिलं मल्लिनाथनं आणून दिलं पेनड्राइव्हवर,
भारी किमतीचं, चोरून फुकट.
उघडलं तर विमानाची केबिन:
इतकी बटणं, इतके दिवे,
की बँजो मांडीवर घेऊन
मी तासभर नुसता बघत बसलो.
दुसऱ्या दिवशी त्यानं लॅपटॉपच झोपवला.
मोटार जळल्यावर येतो तसा वास नव्हता,
एवढंच.

दुसरं खरंच फुकटचं.
साधं बिचारं, एकाखाली एक पट्ट्या मांडणारं.
पण मी वाजवलेलं त्याला उशिरा ऐकू यायचं,
आमचा साडू फोनवर हसतो तसं,
विनोद संपून कधीचा गेल्यावर.

तिसरं दर महिन्याला पैसे मागतं.
दर महिन्याला पैसे मागणारे
आमच्याकडं आधीच तिघं आहेत.

चौथं म्हणालं, साठ दिवस वाजवा,
पटलं तर द्या.
माझ्या दुकानात पाटी आहे, आज रोख उद्या उधार.
हे उलटंच निघालं.
किंमत बघितली:
पाच एचपीच्या दोन मोटारी भरल्या की निघते.

अयोध्याला बसवलं समोर.
तिनं विचारलं, सुरू कशानं होतं?
ह्या लाल बटणानं.
आणि बंद?
त्यानंच.
मग हेच घ्या, म्हणाली, आणि गॅसकडं गेली.

कुलर बंद केला, फ्रिज बंद केला,
गल्लीतल्या पोरांना गोळ्या वाटल्या,
हेडफोन लावला,
तर मागं गुंईऽऽ.
मल्लिनाथ म्हणाला, केबल बदला, माईक बदला,
नाहीतर आवाज पुसायची सोय आहे आत.
अरे, तीस वर्षं मोटारी भरतोय मी.
ही गुणगुण मला नावानिशी माहीत आहे.
पांढरी पाचच्या जवळचा, पार खर्जातला सूर;
अर्थिंग सुकलं की लाइन अशी गाते.

अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा. मीठ, कोळसा, पत्रा.
उदगीरला नळ आठ दिवसांआड,
आणि मी बादली उचलली.
"काय करलालाव? पिवाचं पानी मातीत ओतलालाव?"
मी तसाच उभा.
"थांबा," म्हणाली,
आणि भांडी घासलेलं आणून दिलं.
अर्थिंगला सोवळंओवळं नसतं.
मातीनं अर्धी बादली आवाज करत पिली
आणि हेडफोनमध्ये
लाइन गप्प झाली.

पहिल्या पट्टीवर मी.
दुसरीवर वैजनाथ, चाकणहून पाठवलेला,
खोलीतल्या चौघांची झोप मोडू नये म्हणून
उशीवर काड्या मारून वाजवलेला ढोल.
पहिल्यांदा हसलो.
मग आवाज वाढवला,
तर उशीच्या आत तोच हात,
वरातीत घोडं अडलं की
दीडपट लय धरणारा.

तिसरीवर खाजा.
कॉर्नेट पिशवीतून काढतच नाही तो,
"दातां गए तो फूंक कां से लाऊं रे?"
म्हणून तोंडानंच वाजवतो, तुर्रऽ तुतूऽ,
आणि सूर चुकला की
कॉर्नेटची चूक असल्यासारखा
पिशवीकडं बघतो.

सात जणांची पार्टी होती आमची.
डीजे आला आणि
लग्नाच्या मांडवातून आम्ही बाहेर आलो,
बाहेरून कुठं कुठं गेलो.

चौथ्या पट्टीला नाव दिलंय, मास्तर.
त्यांची क्लॅरिनेट मुलानं भंगारात घातली,
त्यांना जाऊन महिना झाला नव्हता.
रात्री कधी बाकी सगळ्या पट्ट्या मिटतो
आणि तेवढीच ऐकतो.
काही नाही.
गुणगुणसुद्धा नाही आता.

रोज उघडताना ते आठवण करतं,
न रागावता:
एकोणीस दिवस राहिले.
एक मोटार भरून दिली, पैसे वेगळे ठेवलेत डब्यात.
दुसरी यायचीय.
आता कुणाची जळावी, असं काही
मी म्हणणार नाही.