अठ्ठावीस पायांचा किडा

खलील मिस्त्रीनं डबा आणून ठेवला टेबलावर,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, शेरभर मटण आणावं तसा.
"ताई, हे आपल्या हातचं नाही. आत पाना चालत नाही."
गाडी तोष्णीवालांची, जिनिंगवाल्यांची,
लाल, जपानी, दोन दारांची,
नवी आली तेव्हा पोरं वसमत रोडला
सायकली आडव्या टाकून बघायची.
आता गरम झाली की सिग्नलला मरते.
"आन् ओढायनाच तर कधीपासून," म्हणतो खलील.

मी आधी टीव्ही दुरुस्त केले, मग मोबाइल, पंपाचे स्टार्टर,
एकाच आठवड्यात मंदिराचा ॲम्प्लिफायर आणि मशिदीचाही.
गाडीचा मेंदू पहिल्यांदा.
चार स्क्रू. आत हिरवी पट्टी, तिच्यावर
कापसाचा एक तंतू, कुठून शिरला कोण जाणे.
आणि मधोमध तो:
राखाडी, अठ्ठावीस पायांचा, पाठीवर काचेची खिडकी,
खिडकीवर कागदी चिकटपट्टी, कडा उललेल्या.
जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात;
ह्याच्या पोटावर लिहिलंय मलेशिया.

खिडकी कशाला, विचारतो खलील.
ऊन दाखवलं की सगळं विसरतो हा.
"मग परभणीत टिकला कसा?"
झाकून ठेवला होता, म्हणून.

पंखा बंद केला. राळेचा धूर सरळ वर.
तांब्याच्या जाळीनं कथील टिपत एकेक पाय सोडवला.
एकोणिसावा सुटेना.
त्याला वेळ दिला.

लॅपटॉपवर आकडेच आकडे,
आणि मधेमधे एफएफ, एफएफ, विरलेल्या जागा.
पुसलं गेलं की ह्याच्यात शून्य उरत नाही,
सगळे एक होतात, भरून येतं.
मला हे फार आवडलं,
खलीलला समजावून काही सांगता आलं नाही.

मूळ आकडे मिळवले होते, शेजारी ठेवून ताडले.
विरलेलं सोडलं तर फरक एकच:
बहात्तरशे फेऱ्यांवर पेट्रोल तोडायचं,
तिथं बेचाळीसशे.
हे विरणं नव्हतं. कुणीतरी लिहिलं होतं.
पट्टी सोलली तर खाली दुसरी पट्टी,
तिच्यावर बॉलपेननं, मुनिमी वळणात, ४२००,
आणि सत्त्याण्णवच्या पाडव्याच्या आदल्या दिवसाची तारीख.

गिरीश तोष्णीवाल संध्याकाळी आले,
पन्नाशीचे, चष्मा कपाळावर.
आधी अक्षर वाचलं, मग तारीख.
"बाबूजी."
मग बऱ्याच वेळानं:
"दुसऱ्या दिवशी किल्ली दिली होती मला.
त्याच्या आधी मुंबईला नेली होती सर्व्हिसिंगला, स्वतः.
हिंगोलीच्या एका जीपवाल्यानं मागं टाकलं हो मला. जीपवाल्यानं.
इतकी वर्षं मी गाडीला शिव्या घालतोय."
हसले,
आणि ते हसू त्या गाडीसारखंच मधेच बंद पडलं.

कुठला आकडा भरू, विचारलं.
बाहेर त्यांची मुलगी स्टिअरिंगवर बसलेली,
कच्च्या परवान्याची, उभ्या गाडीचे गिअर बदलत.
त्यांनी तिकडं पाहिलं. घड्याळात पाहिलं, उगाच.
"दोन होतील का?"

दोन केल्या. पट्टीवर बेस बसवला,
पुढच्या वेळी नुसता चिमटा पुरेल असा.
खाच ह्या बाजूला ठेवा, एवढं सांगून
मी चहा सांगायला गेले.
परत आले तर डबा बंद होता
आणि त्यांच्या खिशात, चिल्लरीत, दुसरी.

गाडी सुरू झाली. खलील बॉनेटला कान लावून:
"कोणती बसवली, ताई?"
उभ्या गाडीत दोन्ही सारख्याच वाजतात, म्हटलं.
जिंतूर रोडकडं वळली.
तिथले खड्डे असे, की बेचाळीसशेही चैनच.

जुना किडा टेबलावर उताणा राहिला,
एकोणिसावा पाय वाकडा, खिडकी उघडी.
सकाळी ऊन इथपर्यंत येतं माझ्याकडं.
रात्री काळी टेप शोधली, सापडली नाही,
तेव्हा घामोळ्याच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकला
आणि झाकण फिरवून घट्ट केलं.